एमआरआयच्या काचेपलीकडं

मशीनच्या खोलीत मोबाईल नेता येत न्हाई. घड्याळ न्हाई, किल्ली न्हाई, काहीच न्हाई. चुंबक ओढून घेतं. त्यामुळं तिथं घडलेल्या एकाही गोष्टीचा ना फोटो, ना व्हिडिओ. बाकीच्यांच्या गमती मोबाईलमधी साठतात, आमच्या तोंडात साठल्यात. चहाला चौघं बसले की कुणीतरी म्हणतंच, "संतोष, तो मोसंबीचा सांग!" आन् एक सांगितला की त्याच्या मागं दुसरा उभाच असतो.

मी जुन्या जालन्यातल्या एका स्कॅन सेंटरला एमआरआय टेक्निशियन. गल्ली अशी की पेशंटचा ऑटो आला की धान्याचा टेम्पो मागं घ्यावा लागतो. सेंटर आमच्या सरांचं. सर रेडिओलॉजिस्ट, फोटो वाचणारे डॉक्टर. शोभामावशींचं काम म्हणजे पेशंटचे दागिने काढून घ्यायचे, कपडे बदलायला लावायचे आन् घाबरलेल्याला गप करायचं. आन् ह्या सगळ्या किश्शांचं मूळ म्हणजे सुनंदा मॅडम.

मॅडम वाटूरच्या. घरची मेंढरं. वडलांनी पुढं शेती धरली आन् पोरगी फिजिक्स शिकत शिकत मेंदूच्या स्कॅनपर्यंत गेली. डॉक्टर खऱ्या, पण पीएचडीच्या. लोकांना ते कळायचं न्हाई. बाकावरची एखादी आजी हमखास गुडघा पुढं करायची. मॅडम बिचाऱ्या वाकून बघायच्या आन् म्हणायच्या, "सुजलाय बरं का आजी. सरांना दाखवा."

*

मॅडम पहिल्यांदा आल्या तेव्हा सरांना वाटलं, संशोधन म्हणजे आता ही बाई आपली मशीन दिवसभर अडवून ठेवणार.

मॅडम म्हणल्या, "सर, मला मशीन जास्त चालवायची न्हाई. कमी चालवायचीय."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे?"

"एका मेंदूचे फोटो शेकडो तऱ्हेनं काढता येतात. सगळे काढत बसलो तर माणूस आत कंटाळून जातो, हलतो, आन् सगळं वाया. मंग कोणते काढायचे, कोणत्या क्रमानं काढायचे, मधी किती थांबायचं, हे आधीच असं ठरवायचं की कमीत कमी वेळात जास्तीत जास्त कळावं. माझं काम एवढंच."

मॅडमनी मंग दुसऱ्या बाजूनं सांगितलं. "माती तपासायची तर आपण सगळं शेत खणतो का? चार ठिकाणची मूठमूठ घेतो. पण चारी मुठी बांधालगतच्या घेतल्या तर? मेहनत तेवढीच, कळलं काय? काहीच न्हाई."

सरांनी चष्मा परत चढवला. मंग म्हणले, "म्हणजे मॅडम, तुमची पीएचडी कुठं खणायचं न्हाई ह्याच्यात झाली!"

"बराबर," मॅडम म्हणल्या, "आन् तरुणपण त्याच्यातच गेलं!"

सर हसले आन् रविवारची सकाळ त्यांना देऊन टाकली.

*

माणसांना आत घालायच्या आधी मॅडमना आपली पद्धत कशावर तरी पडताळून बघायची होती. त्यासाठी कंपनीचा प्लास्टिकचा गोळा मिळतो, आत पाणी भरलेला. मॅडम म्हणल्या, "गोळ्यात बघण्यासारखं काय आहे? जालन्यात बसलोय आपण. मोसंबी आणा!"

मी मोंढ्यातून पिशवीभर मोसंबी आणली. मॅडमनी वरून सारख्याच दिसणाऱ्या तीन निवडल्या, टॉवेलात बसवल्या, आन् आम्ही मशीन चालू केली.

दोस्तांनो, मी इतकी वर्षं माणसांचे गुडघे, मणके, डोकी बघतोय. पण त्या मोसंबीनं मला गप केलं. न कापता, न सोलता एकेक फोड वेगळी! फोडीतला एकेक रसाचा थेंब वेगळा! बी कुठं झोपलंय ते दिसतंय! रोज खातो आपण, आन् आत हे एवढं नक्षीकाम करून ठेवलंय कुणी!

आधी आम्ही नेहमीचा लांबलचक स्कॅन केला. मंग मॅडमनी निवडलेला छोटा, चहा गार व्हायच्या आत संपणारा. छोट्या स्कॅनमधी मधल्या मोसंबीची एक फोड काळपट आली. मॅडम म्हणल्या, "ही आतून वाळलीय." मी लांबच्या स्कॅनमधी शोधली. ती फोड तिथं बी काळपटच होती, पण एवढ्या फोटोंच्या गर्दीत माझी नजर तिच्यावरून सरकून गेल्ती.

शोभामावशींनी सुरी आणली. कापली. नेमकी तीच फोड, कोरडी ठणठणीत!

बाहेर बाकावर एक गृहस्थ आपल्या नंबरची वाट बघत बसले होते. त्यांनी दारातून हे सगळं बघितलं. मावशी मोसंबीच्या फोडी वाटत त्यांच्यापाशी गेल्या तर हात मागं घेत म्हणले, "नगं बाई. आधी रिपोर्ट येऊ द्या!"

*

माणसांमधी पहिला नंबर माझा लागला. घरचाच गिनिपिग!

आत झोपायचं, डोळ्यांपुढच्या आरशात चित्र दिसलं की हातातलं बटण दाबायचं. चित्र, अंधार, चित्र, अंधार. अंतर एकदम सारखं. मला वाटलं, याच्यात काय अवघड? मी मस्त दाबत गेलो.

बाहेर आलो तर मॅडम माझ्याच मेंदूचा आलेख बघत बसल्या होत्या. म्हणल्या, "संतोष, तुम्ही चित्र बघतच न्हाई. तुम्ही चित्राची वाट बघताय."

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एरवी चित्र दिसल्यावर मेंदूत रक्त वाढायला, ते मशीनला दिसायला चार-पाच सेकंद जातात. माझी रेघ मात्र चित्र यायच्या आधीच उठायला लागली होती. पहिल्या दोन-चार चित्रांत मेंदूनं ठेका पकडला आन् पुढं आपला आपण निघाला. मला पत्ता बी न्हाई! माझ्याच डोक्यात, माझ्याच आधी, कुणीतरी उठून दार उघडून राह्यलंय!

मी विचारलं, "मंग मॅडम, बटण दाबणारा मी कोण?"

त्या म्हणल्या, "ते मला बी अजून कळलेलं न्हाई."

त्या दिवशी त्यांनी सगळा डाव मोडला. चित्रांचा क्रम बदलला, मधली अंतरं कमीजास्त केली. कधी लगेच, कधी बराच वेळ न्हाई. मी परत आत गेलो. ह्यावेळी रेघ बराबर चित्राच्या मागं मागं आली. शोभामावशी शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणल्या, "आमच्या मालकाचं बी असंच हाय. रोज सातला येतो म्हणलं की कुणी बघत न्हाई. अवचित आला की समदं घर जागं!"

*

आजारी मेंदूशी तुलना करायला धडधाकट म्हातारी माणसं लागायची. मॅडमनी वाटूरहून जीप भरून माणसं आणली, त्यांना सगळं समजावून सांगितलं, आन् ज्यांनी हो म्हणलं त्यांचेच स्कॅन घेतले. त्यात मॅडमचे एक चुलत आजोबा होते, मारुतीआबा. सगळी हयात मेंढरांमागं गेलेली. मोठं पागोटं, पांढऱ्या मिशा.

मी त्यांना मशीनमधी झोपवलं आन् नेहमीचं सांगितलं, "आबा, आवाज लई येईल. घाबरू नका. फक्त हलू नका."

"न्हाई हालत," आबा म्हणले.

स्कॅन चालू झाला. माणूस किती हलतो त्याची एक रेघ आम्हाला दिसते. कितीबी शहाणा माणूस असू द्या, रेघ थोडी थरथरतेच. श्वास असतो, गिळणं असतं. आबांची रेघ सरळ! पट्टीनं आखल्यासारखी सरळ!

सर म्हणले, "मशीन हँग झाली का काय?" मी तपासलं. मशीन ठीक.

सरांनी माईक घेतला. "आबा, बरं वाटतंय ना?"

उत्तर न्हाई.

"आबा? आबा!"

काहीच न्हाई. सरांचा चेहरा उतरला. मॅडम तर उठूनच उभ्या राह्यल्या. मी पळत आत गेलो, मागून सर आन् मॅडम. टेबल बाहेर ओढलं. आबा शांतपणे माझ्याकडं बघत होते.

"आबा, बोलला का न्हाई तुम्ही?"

"तूच म्हन्ला ना हालू नको?" आबा म्हणले. "बोलल्यावर जबडा हालतो की!"

आम्ही तिघं बी भिंतीला टेकलो. मॅडमनी विचारलं, "पण आबा, इतकं निपचित कसं पडता येतं तुम्हाला?"

"मेंढरं बसली की आपुन हालायचं न्हाई. एक उठलं की समदी उठत्यात." मंग त्या मोठ्या पांढऱ्या मशीनकडं बघून त्यांनी हळूच विचारलं, "हिचं बी निजून झालं का? हालू का आता?"

*

सरांनी मॅडमचा छोटा स्कॅन रोजच्या पेशंटला बी लावला, आन् त्याचा एक तोटा झाला. लोकांचा विश्वासच बसेना!

मंठ्याकडच्या एक बाई सासूला घेऊन आल्त्या. आम्ही झटपट स्कॅन करून सासूबाईंना बाहेर आणलं तर सूनबाई भडकल्या. "माझ्या नणंदेच्या सासऱ्याला तासभर आत ठेवलं होतं! आन् आमचं एवढ्यात? नीट बघितलं का न्हाई?"

मी समजावलं. मॅडमनी समजावलं. मातीचं, बांधाचं, सगळं सांगून झालं. बाई ऐकेनात.

शेवटी शोभामावशी पुढं झाल्या. "बाई, फोटो काढलाय तुमच्या सासूचा. उकडायला न्हाई ठेवलं!"

सगळ्यात जोरात सासूबाई हसल्या.

*

परतूरकडून एक पोरगी आल्ती. परी. शाळेत नुकतीच जायला लागलेली. तिला फिट यायच्या, आन् आई म्हणायची की अलीकडं झोपेतून उठवलं तरी ओळखत न्हाई थोडा वेळ. औषधं बदलून झाली होती, गुण न्हाई. एवढ्या लहान लेकराला गुंगी देऊन झोपवतात, पण भूल देणारे डॉक्टर बाहेरगावी गेल्ते. आन् पोरीला त्या सकाळीच दोनदा फिट येऊन गेल्ती.

सर म्हणले, "जागेपणी ही दोन मिनिटं बी पडणार न्हाई."

मॅडमनी सरांना विचारलं, "हिच्या सगळ्या फोटोंतला एकच मिळणार असेल, तर कोणता पाह्यजे तुम्हाला?"

सरांनी सांगितला. नेहमीच्या क्रमात तो पार शेवटी यायचा.

"मंग तो पहिला घेऊ. त्याच्यानंतर कामाचा तो दुसरा. पोरगी कधी उठंल ते आपल्या हातात न्हाई. पण कधी बी उठली तरी तोवर आपल्याकडं सगळ्यात मोलाचं आलेलं असलं पाह्यजे."

आईला आत पोरीच्या पायापाशी बसवलं. मी परीला सांगितलं, "तुझा फोटो काढायचाय. एकदम गप पडायचं." तिनं डोळे घट्ट मिटले. पहिला फोटो झाला. दुसरा चालू झाला आन् मशीन जोरात खडखडली, तशी परी उठून बसली. संपलं!

सर पडद्यावर त्या एका फोटोकडं बघत होते. कानाच्या वरच्या बाजूला, आत, मोहरीएवढं काहीतरी. त्यांनी फोटो मोठा केला, परत बघितला. मंग मागं टेकले आन् मॅडमना म्हणले, "फिटचं मूळ हे."

पुढं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. फिट थांबल्या. आता परी शाळेच्या धावण्यात पळते असं तिची आई सांगते.

पण त्या दिवशी टेबलावरून उतरल्या उतरल्या ती नीट सरांपाशी आली आन् विचारलं, "आला का फोटो? मी हसले होते!"

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मावशी म्हणल्या, "लई सुंदर आला, बाळा."

*

आता शेवटचा. ह्याच्यात मधी कुणी मला विचारू नका की पुढं काय झालं, म्हणून आधीच सांगून टाकतो. कैलासराव आज बी घरीच हायत, शहागडला. बोलत न्हाईत. पण व्यायाम चालू हाय, आन् त्यांचा भाऊ रोज सकाळी त्यांच्यापाशी बसून पेपर मोठ्यानं वाचतो. हा तोच भाऊ, जो त्या दिवशी आम्हाला म्हणला होता, "उगं कशाला ओढाताण करता? आत काही उरलेलं न्हाई."

कैलासरावांचं हायवेला पंक्चरचं दुकान. ट्रकचं चाक बदलताना मागून गाडीनं उडवलं. जीव वाचला. डोळे उघडायचे, पापणी हलायची, पण हाक मारली तर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. कित्येक महिने असंच. बायको मंगलताई नळीनं जेवण भरवायची आन् आख्खा दिवस त्यांच्याशी बोलायची. लोकांना वाटायचं, बाईच्याच डोक्यावर परिणाम झालाय.

सरांकडं त्यांना साध्या तपासणीला आणलं होतं. मॅडमनी बघितलं आन् सरांना बाजूला घेतलं. बोलता येत न्हाई, हलता येत न्हाई, पण ऐकू येत असेल तर? एखादी गोष्ट मनात करायला सांगायची, आन् मेंदूत ती उमटते का बघायचं.

सर लवकर हो म्हणेनात. "मॅडम, बाईला आशा लावायची, आन् मंग?"

मॅडम मंगलताईंच्या समोर खाली बसल्या. "ताई, काही दिसलं न्हाई, तर आत काही न्हाई असं होत न्हाई. आन् दिसलं, तर ते उद्या उठून बसतील असं बी न्हाई. तरी बघायचं का?"

"बघा," मंगलताई म्हणली.

"त्यांना असं काय येतं, जे ते झोपेत बी करतील? सगळं अंग लागेल असं."

मंगलताईंना विचारच करावा लागला न्हाई. "पवतेत. लहानपनापासून. गोदावरीत ह्या काठावरून त्या काठाला."

मॅडमनी आवाज बी मंगलताईंचाच घेतला. दीर शेजारी उभा, त्यामुळं ताई लाजली. नवऱ्याचं नाव काही घेईना. "आवो, पवा." थोडं थांबून, "आवो, थांबा." एवढंच रेकॉर्ड केलं. अर्धा मिनिट पोहायचं, अर्धा मिनिट थांबायचं, असं बऱ्याच वेळा.

कैलासरावांना आत घेतलं. कानाला हेडफोन. आम्ही सगळे काचेच्या अलीकडं, मॅडमच्या लॅपटॉपपाशी.

"आवो, पवा."

चार-पाच सेकंद काही न्हाई. मंग रेघ उठली. हालचालीची तयारी करणारा भाग असतो ना मेंदूत, तिथली. हळू, पण वर!

"आवो, थांबा."

रेघ खाली येईना. परत पवा म्हणलं, परत थांबा म्हणलं, रेघ आपली वरच. मॅडमचा चेहरा पडला. "असं धरता येणार न्हाई. मशीन तापली तरी रेघ अशीच वर सरकते. खाली आली असती तर म्हणता आलं असतं की ऐकून राह्यलेत."

भाऊ म्हणला, "मी म्हन्लंच होतं."

मंगलताईंनी विचारलं, "काय झालं?"

मॅडमनी सांगितलं की थांबा म्हणल्यावर ते थांबत न्हाईत.

मंगलताई पुढं सरकली. "पन तुमी त्यान्ला मधीच थांबा म्हनता! नदीत थांबतील कसे? बुडतील की!"

मॅडमनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मंग एकदम उठल्या. "ताई, परत बोला. पाण्यात शिरा म्हणा. आन् मंग काठाला लागा, बसा, म्हणा."

वेळ वाढवली. अंतरं मुद्दाम वेडीवाकडी केली. कधी लांब, कधी आखूड, म्हणजे नुसती तापलेली मशीन तशी नक्कल करूच शकणार न्हाई.

"आवो, पान्यात शिरा. पवा."

रेघ वर.

"आवो, काठाला लागा. बसा."

रेघ थोडा वेळ तशीच राह्यली, आन् मंग उतरली. पार खाली!

परत वर. परत खाली. लांब म्हणलं की लांब, आखूड म्हणलं की आखूड. सर उभे होते, ते खुर्ची बघून बसले. मॅडम चष्मा काढून पदराला पुसत होत्या, पुसतच होत्या. भाऊ काचेला कपाळ टेकवून उभा. मंगलताई तेवढी शांत होती, तिला जे माहीतच होतं ते आम्ही आत्ता बघत होतो.

शेवटचं "काठाला लागा, बसा" झालं. रेकॉर्डिंग संपलं. रेघ खाली आली आन् सरळ चालू लागली. मशीन अजून थोडी चालणार होती, शेवटी नुसतं शांत बसल्याचं मोजमाप घ्यायचं असतं म्हणून. हेडफोनमधी आता काहीच न्हाई.

आन् रेघ उठली.

हळूहळू, बिलकुल पहिल्यासारखी. वर, आणखी वर.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "माईक चालू आहे का? कुणी बोललं का काही?"

माईक बंद होता. कुणी बोललं न्हाई.

मंगलताई काचेतून आत बघत होती. म्हणली, "गेले परत पान्यात."